आधी फेटा कोणाला

गारखेडा, औरंगाबाद
४ एप्रिल २०१२

तीर्थस्वरूप बद्रीनाथमामा,

भाची मंजुळा हिचा साष्टांग नमस्कार. इकडं सगळे खुशाल आहेत, म्हणजे जेवतात. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा राग उतरला असेल तर त्यांना नमस्कार सांगा, नसेल तर उतरल्यावर सांगा. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र लिहिते आहे (ते निदान पोस्टमनकडून घ्यावं तरी लागतं).

माझ्या साखरपुड्यात तुम्ही न जेवता देवगाव रंगारीला निघून गेलात, त्याचा दोष सगळे मला देतात. तुम्ही तिथंच होता, तरी माझ्या बाजूनं एकदा वाचा. फेटा बांधणारे सोनाजी एकटे, आणि मानाची डोकी दोन: मुलीचा मामा म्हणून तुमचं, मुलाचे चुलते म्हणून चिकलठाण्याच्या आप्पासाहेबांचं. बराच वेळ तुम्ही दोघं "आधी त्यांना, आधी त्यांना" करत एकमेकांना पुढं ढकलत होता, आणि ते फार शोभत होतं. कापड धरून सोनाजींचा हात अवघडला तेव्हा बाबा म्हणाले, "कुणालाबी आधी बांधा, फरक काय पडतो? इचारा मंजुळाला, ती गणितातच पीएच.डी. करायलीय."

इथं मी नुसती मान डोलवायची होती. पण मामा, माझा सगळा प्रबंध याच फरकावर उभा आहे. म्हणून मी (हातात ओटीचा नारळ तसाच धरून) समजावून सांगितलं की एका वक्राच्या प्रत्येक बिंदूवर सदिशांचं एकेक अवकाश असतं, त्या सगळ्यांचं मिळून एक व्हेक्टर बंडल होतं. अशा दोन बंडलांचा गुणाकार करायचा म्हणजे, ज्याच्या पोटात पहिलं बसतं आणि ते वगळल्यावर दुसरं उरतं असं तिसरं बंडल शोधायचं, आणि पहिलं त्यात किती प्रकारांनी बसतं ते मोजायचं. आम्ही संख्याच मोजक्या घेतो, म्हणून ही मोजणी संपते. आणि पहिलं-दुसरं यांची अदलाबदल केली की उत्तर बदलतं. आप्पासाहेबांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं (आमच्या परिषदांतही इतकं कोणी ऐकत नाही) आणि म्हणाले, "म्हंजे फरक पडतोय."

त्यानंतर "आधी त्यांना" कोणीच म्हणालं नाही. सोनाजी म्हणाले, "मला कोणतंबी डोकं चालतंय," आणि जवळचं बांधलं. ते आप्पासाहेबांचं निघालं. तुम्ही टॉवेल खांद्यावर टाकलात.

आता बाबा म्हणतात, मामा येणार नसतील तर लग्नच पुढं ढकलू. मला ते नको आहे, हे स्पष्टच लिहिते. माझं ते सगळं ऐकून "मग पुढं?" असं विचारणारा त्या मांडवात एकच माणूस होता, आणि तो नवरामुलगा होता.

तुमची,
मंजुळा

ता. क. आमच्या विषयातही क्रम उलटा करता येतो, फक्त सोबत भरपाईचा एक गुणक द्यावा लागतो. मी आप्पासाहेबांकडं जाऊन आले. लग्नात पहिला फेटा तुम्हाला, हे त्यांना मान्य आहे. भरपाई म्हणून त्यांनी एवढंच मागितलं की लग्न लागेपर्यंत मी गणित बोलायचं नाही. मी हो म्हटलं.

ता. क. २. मंगलाष्टकं चालू असताना माझ्या पाठीशी तुम्हीच उभं राहायचं आहे. दुसरं कोणी मला चालणार नाही. तिथं पुढं मी, मागं तुम्ही. आता तुम्ही म्हणाल, मामाचा मान मोठा, मग मागं का? तर हा क्रम उलटा केला की लग्न तुमचं लागेल, आणि मामींचा राग मग कधीच उतरायचा नाही.