जनकाबाईच्या नावापुढचा अंगठा

६ फेब्रुवारी

वहीबाई, काल कुठं थांबलो होतो आपण? नाही ना आठवत! माह्यापेक्षा सत्तर वर्षांनी लहान, तरी विसरतेस. मी सांगते, नात राखी लिहिते, अन् तू नुसती पडून राहतेस.

तर ऐक. तालुक्याहून फलक नावाची पोरगी पंचायतीत लॅपटॉप घेऊन आली. निराधारांच्या सरकारी पगाराची यादी आता नव्या सॉफ्टवेअरमध्ये. कोण्या एका कंपनीचं नाही म्हणे — देशोदेशीची माणसं मिळून लिहितात, कोणीही घ्यावं, आपल्या गावापुरतं बदलावं. माणसांची माहिती तेवढी कुलपात. मले विचारलं, आजी, तुमच्या गावची काय रीत घालू यात? मी म्हटलं, घराले कुलूप दिसलं तर माणूस कुठं गेलं ते गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईले विचारा, तिचा अंगठा घ्या. पोरीनं खरंच घातलं! आमच्या गल्लीत सगळ्यात म्हातारी कोण? मीच. दिवसभर फुगून होते.

९ फेब्रुवारी

गुडघे दुखतात. बाकी काही नाही.

१४ फेब्रुवारी

बाकी होतं. राखी, मान वर करू नको, लिही.

नऊ तारखेलेच फलक यादी तपासायले गल्लीत आली. शेजारच्या जनकाबाईच्या दाराले कुलूप. ती डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे गेलेली, हिवरा आश्रम गावाले, दोन-तीन आठवड्यांसाठी. मले ठाऊक. जाताना किल्ली माह्याचजवळ देऊन गेली! अन् मी म्हटलं, "गाव सोडलं तिनं." लावला अंगठा, अन् तिचं नाव यादीतून कटलं.

काऊन? तर मारुतीच्या पारावरच्या पंगतीत तिनं माहा गोवऱ्यांवर भाजलेला रोडगा फोडून चारचौघींत दाखवला — आतून कच्चा. साऱ्या हसल्या. खरंच कच्चा होता, म्हणून जास्त झोंबलं. एवढ्यासाठी!

२ मार्च

जनकाबाई आली. काळा चष्मा. किल्ली मागितली, दिली. तिच्याकडे पाहवलं नाही. म्हणे, निराधारचा पगार आला नाही वं या महिन्यात. मी म्हटलं, सरकारी काम, होतो उशीर. पुन्हा खोटं. डोळ्यात घालायचे थेंब त्याच पैशातून आणते ती.

३ मार्च

राखी म्हणते, फलकले फोन लावू? नको म्हटलं. कोणी काय सांगितलं ते त्या सॉफ्टवेअरमध्ये नावानिशी राहते, पुसता येत नाही — फलकनंच सांगितलं होतं तेव्हा, मोठ्या कौतुकानं.

मले अक्षर येत नाही. या वहीबाहेर जन्मात कुठं काही लिहून दिलं नाही. आता पहिल्यांदा माहं काही लिहिलेलं राहिलं, अन् ते हे.

५ मार्च

जेवण गेलं नाही. उद्या जाते पंचायतीत. सांगून टाकते.

६ मार्च

गेले. जनकाबाई आधीच बसलेली. फलकनं तिले तिची नोंद वाचून दाखवली होती — माह्या नावासकट. नाव परत चढवायचं तर गल्लीतल्याच कोणाची साक्ष लागते. कोणाची देता, फलकनं विचारलं. जनकाबाईनं चष्म्यातून माह्याकडे पाहिलं.

"हिचीच घ्या. माही किल्ली हिच्याचजवळ असते."

यंत्रानं अंगठा दोनदा घेतला नाही; पदराले पुसून तिसऱ्यांदा लावला.

राखी, पुरे आता. उद्या जनकाबाईकडे रोडगे पाठव, वरण अन् वांग्याची भाजी. पाठवायच्या आधी एक फोडून पाह्य.