समोरून बसलेली

४ नोव्हेंबर, मंगळवार

वन्सं आल्या. सामान – दोन बॅगा, एक उशी, चाकाची खुर्ची आणि तोंड. त्यात तोंड सगळ्यात जड!

उन्हाळ्यात जिन्यावरून पडून कमरेचं हाड मोडलं होतं. ते जुळून आलं. डॉक्टर म्हणतात, आता बिनधास्त चाला. ह्या म्हणतात, 'पाय उचलतच नाही गं.' न्हाणीघरापर्यंतसुद्धा माझ्या खांद्याला धरून. मुलगा परदेशात. त्याचं टुमणं एकच – आईनं फ्लॅट विकावा आणि कायमचं मामाकडे राहावं. घ्यायला एक कुटुंब तयार आहे, त्यांना महिनाअखेर होकार-नकार कळवायचाय. वन्सं म्हणाल्या, 'उठले तर घरी जाईन. नाही उठले तर विकून टाकीन.'

म्हणजे वन्संची उठबस करण्यात माझा जन्म जायचा. ह्यांना तसं म्हटलं, तर हे चष्मा पुसत म्हणाले, 'तुला तरी सध्या दुसरं काय काम आहे?'

काय बोलावं ह्या माणसाला! जूनमध्ये शाळेतली नोकरी संपली, शिट्टी कपाटात गेली, तेव्हापासून मी कोचावर लोळतेय हे खरं. चार पावलांवर म्युझियमची बाग आहे, तिथेही जात नाही, हेही खरं. पण तोंडावर बोलून दाखवायचं?

५ नोव्हेंबर, बुधवार

दिवसभर वन्सं खुर्चीत. 'मी टेलिफोन ऑपरेटर. जन्मभर बसून काम केलं. बसण्यात माझा हात कुणी धरणार नाही, पीटीबाई.'

पीटीबाई! लग्न झाल्यापासून मला हेच नाव. शाळेतल्या पोरी तरी माझ्या पाठीमागे म्हणायच्या.

संध्याकाळी वैतागून खुर्ची ढकलत बागेत नेली. मरगळ आली होती, निदान वारा तरी लागेल म्हणून. आणि काय सांगू, मजा आली! हिरवळीवर सगळीकडे पुतळे. धनुष्य ताणणारा एक गडी, एकमेकांत गुंतलेले दोन पैलवान, घागर डोक्यावर घेतलेली एक मुलगी. एकजण नुसता उभा, सगळा भार एका पायावर टाकून, कंबर एका बाजूला सोडून. अस्सल विश्राम! शाळेत असं उभं राहायला पोरींना शिकवता शिकवता घसा बसला माझा. तो असता तर पहिला नंबर त्याचाच.

वन्सं म्हणाल्या, 'कपडे घालायचं कुणाला सुचलं नाही वाटतं.'

तळ्याकाठी दगडी बाक आहे. खुर्चीतून वन्संना बाकावर बसवलं. समोर कांस्याची एक बाई, दगडावर बसलेली. चाळिशीची असेल. पोट सुटलेलं, दंड भरलेले, केस बांधलेले. मान जरा वळलेली – कुणी हाक मारली असावी तशी. वन्सं तिच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या.

'बघ. ही खरी बाई. सुखानं बसलीय. ना पीटी, ना बीटी.'

७ नोव्हेंबर, शुक्रवार

भांडण! आणि कशावरून, तर त्या पुतळ्यावरून.

मी म्हटलं, 'वन्सं, ती बसलेली नाही. उठतेय.'

'डोळे तपासून घे माझ्या भावाकडून.' (ह्यांचं चष्म्याचं दुकान.) 'खांदे बघ किती सैल सोडलेत. चेहरा बघ. उठणाऱ्या बाईचा चेहरा असा असतो? उठणाऱ्या बाईच्या कपाळावर आठ्या असतात. तुझ्यासारख्या.'

'उजवी टाच मागे ओढलीय. वर उचललीय.'

'गोळा आला असेल पायाला.'

पाटीवर बघितलं. 'स्त्री. कांस्य.' बस्स! इतकी मोठी बाई घडवली आणि ती काय करतेय ते लिहायला जागा नाही.

संध्याकाळी भाजी घेऊन घरी आले तर कॉफीचा डबा वरच्या फळीवर. माझा हात पोचत नाही तिथे! स्टुलावर चढून काढला. ह्यांना म्हटलं, हे काय नवीन? हे म्हणाले, 'असेल, मीच ठेवला असेन.'

९ नोव्हेंबर, रविवार

भाच्याचा फोन. 'मामी, आई चालायला लागली का?' मी म्हटलं, 'नाही.' पलीकडून सुस्कारा. अलीकडून मी.

वन्सं फोनवर म्हणाल्या, 'बघू रे. महिना जाऊ दे.'

१० नोव्हेंबर, सोमवार

बागेत म्युझियमची मार्गदर्शक मुलगी एका घोळक्याला माहिती देत होती. तिला गाठलं. वाद सांगितला. ती गोड हसली. 'शिल्पकारानं नावच दिलं नाही हो. तुम्ही ठरवा. पण आजी, शिल्प एका जागेवरून बघायचं नसतं. भोवती फिरून बघायचं.'

'तिनं माझ्या भोवती फिरावं,' वन्सं म्हणाल्या. 'माझं हाड मोडलंय.'

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज मी भोवती फिरले. इतके दिवस बाकावर वन्संच्या शेजारी बसून समोरूनच बघत होते, मीसुद्धा!

मागे गेले आणि उभीच राहिले. अगंबाई! ही तर दुसरीच बाई. पाठीचा कणा ताणलेला, मांडी घट्ट, बूड दगडाला जेमतेम टेकलेलं. एक तळवा दगडावर दाबून धरलाय, आता रेटा देणार. आणि पाठभर मातीत रुतलेले अंगठ्याचे ठसे तसेच्या तसे कांस्यात उतरलेत. करणाऱ्यानं समोरून हात फिरवून सगळं गुळगुळीत केलंय, मागे मात्र घाईघाईनं चेपत गेलाय, जसं काही ती निघून जाईल. मला एकदम हसूच आलं. मग डोळ्यांत पाणी आलं. का ते कळलं नाही. बऱ्याच दिवसांत असं छान काही पाहिलं नव्हतं.

ओरडून म्हटलं, 'वन्सं! समोरून बसलेली, मागून उठलेली! या इकडे!'

'तू बघ आणि सांग.'

'सांगून कळणार नाही!'

'मग राहू दे.'

१३ नोव्हेंबर, गुरुवार

पुन्हा डबा वर! हे म्हणे, 'माझंच चुकलं.' लग्नानंतर पहिल्यांदा ह्यांनी चूक कबूल केली. तब्येत बरी आहे ना?

१५ नोव्हेंबर, शनिवार

नवा उद्योग सापडला. वन्संना पटवून द्यायला मी आज सकाळीच बागेत धनुष्यवाल्याच्या शेजारी त्याच्यासारखी उभी राहिले. 'बघा, अंग बोलतं. नुसतं बघून कळत नाही, तसं उभं राहिलं की कळतं!' आणि खरंच कळलं. आपण त्याच्या हाताकडे बघत बसतो. जोर सगळा मागच्या पायात आहे!

औषधांच्या दुकानातली बाई सकाळी तिथे फेऱ्या मारते. ती थांबली. 'मला पण दाखवा ना. माझा खांदा धरलाय.' तिला उभी केली. 'पाय रोवा! हनुवटी वर! श्वास कोंडू नका!' आवाज कुठून आला कुणास ठाऊक. तळ्यातली बदकं उडाली.

वन्सं बाकावरून म्हणाल्या, 'आली गं बाई, पीटीबाई परत आली.'

१८ नोव्हेंबर, मंगळवार

औषधवाली आज सासूला घेऊन आली. सासूनं मैत्रिणी आणल्या. सगळ्यांना घागरवालीसारखं चालवलं – मान ताठ, नजर समोर, डोक्यावर हात. एकीची कंबर लचकली, बाकीच्या हसून हसून गवतावर बसल्या. मग पैलवानांची जोडी. सासू-सुनेनं एकमेकींचे दंड धरले आणि सोडेनात! औषधवाली म्हणाली, 'घरात असं धरता येत नाही हो.'

वन्संनी बाकावरून सगळ्यांना सूचना दिल्या. स्वतः तसूभर हलल्या नाहीत.

घरी येऊन कपाट उघडलं. शिट्टी काढली. दोरी धुतली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

शिट्टी वाजवली. रखवालदार धावत आला. 'बाई, बागेत शिट्टी फक्त मी वाजवायची!' लोक पुतळ्यांवर चढले की तो वाजवतो. आता आमच्यात ठरलंय – त्याची एक लांब, माझ्या दोन छोट्या. त्यालाही विश्रामवाल्यासारखं उभं केलं. म्हणाला, दिवसभर उभं राहून पाय दुखायचे, हे कुणी आधी का नाही सांगितलं!

२२ नोव्हेंबर, शनिवार

आता रोज सकाळी वर्ग! म्युझियमकडून होकार आला, मार्गदर्शक मुलीनंच शब्द टाकला. म्हणते, 'लोक पुतळ्यांसमोर फोटो काढून निघून जातात. तुमच्या बायका थांबून बघतात तरी.' मला इतका आनंद झाला की दुपारी पडावंसंही वाटलं नाही. कोचावर आता इस्त्रीचे कपडे पडलेत.

फक्त एक खुपतं. गावभरच्या बायका उठवल्या मी. घरातली तेवढी बसलेली. महिना संपत आला. रात्री अंथरूण घालताना म्हटलं, 'वन्सं, खरं सांगा, घर विकायचंय तुम्हाला?' भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, 'माझ्या खिडकीतून पोस्ट ऑफिस दिसतं. सकाळी तिथलं शटर वर जाताना बघत मी चहा पिते.' इतकंच. मी दिवा मालवला.

२६ नोव्हेंबर, बुधवार

बाकीची कामं राहू देत, आधी हे लिहिते.

वर्ग संपला. बायका बाकाशी जमल्या. औषधवालीच्या सासूनं सहज म्हटलं, 'ही बाई उठतेय, नाही का?' झालं! वन्संचं डोकं सणकलं.

'तुम्हालाही हिनं फितवलं? बसलीय ती! बसलीय! मी बसून दाखवते. अगदी तश्शी. आणि बसून राहून दाखवते. मग तर पटेल?'

'दाखवा!' मीही पेटले. 'पण मी सांगेन तसं. पुतळ्यात आहे तसंच. लबाडी चालणार नाही.'

'सांग!'

'बाकाच्या कडेवर या. डावं पाऊल पुढे. उजवी टाच मागे, आणखी मागे. वर उचला. एक हात गुडघ्यावर. दुसरा बाकावर, तळवा दाबून. आता छाती पुढे. पुढे! तिच्याइतकी!'

वन्संनी सगळं केलं. मान वळवायलासुद्धा विसरल्या नाहीत. हुबेहूब! समोर ती कांस्याची आणि इकडे ही आमची, दोघी एकमेकींसमोर.

'आता बसून राहा,' मी म्हटलं.

राहिल्या. ओठ घट्ट मिटून राहिल्या. मांडी थरथरायला लागली. कसं राहता येणार? त्या बैठकीत बसून राहताच येत नाही! एक तर मागे पडायचं, नाही तर उठायचं. आणि वन्सं मागे पडणाऱ्यातल्या नाहीत.

उठल्या! सरळ, ताठ, कुणाला न धरता. मी विसरलेच होते किती उंच आहेत. मला हात पुढे करायचंही सुचलं नाही. वन्संनी पदर सारखा केला आणि चालू लागल्या. हळूहळू, चबुतऱ्याला वळसा घालून मागे. मग –

'मागून उठतेय, हे मान्य. पण समोरून बसलेलीच! माझं म्हणणं मी सोडलेलं नाही.'

टाळ्या, हसणं, कोण रडतंय, कोण मिठ्या मारतंय! मी दोन छोट्या शिट्ट्या वाजवल्या. रखवालदारानं एक लांब. रिकामी खुर्ची मी ढकलत आणली, वन्सं शेजारून चालत. हे दारात उभे होते. बहिणीकडे बघितलं आणि नुसतेच हसले. मला वाटलं होतं, उडीच मारतील.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

वन्संनी मुलाला फोन केला. 'घर विकायचं नाही. मी उठलेय.' तो तिकडे रडला म्हणे. वन्सं म्हणाल्या, 'हा बापावर गेलाय.'

२९ नोव्हेंबर, शनिवार

वन्संना घरी पोचवून आलो. जिना स्वतः चढल्या. खिडकी उघडली, पोस्ट ऑफिस जागेवर होतं. निघताना माझ्या गालावर चापट मारली. 'पीटीबाई, एक दिवस जरी वर्ग बुडवलास, तर पुन्हा येऊन बसेन.'

सुटले बाई एकदाची! असं लिहितेय खरं, पण घरात करमत नाही. कुणी टोमणाच मारत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळी वर्गाला निघण्याआधी कॉफी करायला गेले. डबा पुन्हा वरच्या फळीवर. स्टूल माळ्यावर टाकलेलं. ह्यांना म्हटलं, 'तुम्ही ठेवलात, तुम्हीच काढा.' ह्यांनी टाचा उंचावल्या, उडी मारली, लाटणं लावून पाहिलं. ह्यांचाही हात पुरेना! घरातली सगळी उंची ह्यांच्या ताईनं नेलेली, हे मी कशी विसरले?

मग हे हळूच म्हणाले, 'तू बाहेर गेलीस की ती उठायची. आली त्याच आठवड्यापासून. आम्हा दोघांची कॉफी ती करायची, अगदी काल निघेपर्यंत.'

'आणि मला सांगितलं नाहीत?'

'ताईनं शपथ घातली होती. म्हणाली, मी उठले की ही पुन्हा कोचावर बसेल. हिची शिट्टी वाजू दे, मग उठते.'