आतून आलेलं ‘रिकामं’

मंगळवार, ३ मार्च

काल लिहिलेल्यात एक चूक राहिली, ती आधी दुरुस्त करते. सहाव्या मजल्यावर मी हाक दिली आणि मुकादमकाकांनी ‘रिकामं’ म्हटलं, असं लिहिलं होतं. ते काका नव्हते. ते तेव्हा खाली रस्त्यावर पत्रे ठोकून घेत होते. दुसरं कोणीतरी असेल.

एवढं सोडलं तर नोकरीचा पहिला दिवस मजेत गेला. पाडकाम मी बाबांकडून शिकले. ते म्हणतात, इमारत पाडायची नसते, उतरवायची असते. ज्या क्रमाने चढली त्याच्या उलट. आणि मशीन चालण्याआधी एकाने दारातून विचारायचं, आत कोणी आहे का. दुसऱ्याने खोल्या फिरून ‘रिकामं’ ओरडायचं. त्याशिवाय घाव नाही. इथेही तीच पद्धत आहे, याचा फार आनंद झाला.

इमारत सहा मजली, गल्ली अरुंद. डावीकडच्या इमारतीशी भिंत समाईक, आणि तिथेच पहिल्या मजल्यावर मी एका काकूंकडे खोली घेतली आहे. काकू म्हणाल्या, उशीर झाला तर भिंतीतूनच जा, तुम्ही लोक पाडणारच आहात.

शुक्रवार, ६ मार्च

सहावा मजला उतरला. हिरवी जाळी आणि पाण्याचा फवारा असूनही समोरचा शिंपी भांडायला आला. म्हणाला, हल्ली मी कापड कमी आणि धूळ जास्त शिवतो. काकांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं.

पाचव्यावर मी दारात होते, काका आत. मी विचारलं, आतल्या खोलीतून उत्तर आलं. मग काका न्हाणीघरातून बाहेर येऊन पुन्हा ‘रिकामं’ म्हणाले. दोनदा का, असं विचारलं, तर म्हणाले, पोरी, मी एकदाच बोललो. मी आतली खोली पाहिली. चार भिंती आणि एक खिळा.

पहिला आवाज बाईचा होता. कामावर माझ्याशिवाय बाई नाही.

मंगळवार, १० मार्च

चौथ्यावरही तेच. बाबांना फोन केला. ते म्हणाले, मोकळ्या घरात आवाज फिरतो, पण शंका आली तर दोनदा बघ, त्यात लाज नाही. मी तीनदा पाहिलं. कोणी नव्हतं.

जसजसे मजले उतरतात तसतसा तो आवाजही खाली येतो.

गुरुवार, १२ मार्च

तिसऱ्यावर मी एकटी टेकू तपासत होते. हाक झालीच नव्हती, आणि डोक्यावर मशीन सुरू झालं. छताचा तुकडा माझ्या मागे पडला. जिन्यात उडी घेतली म्हणून वाचले.

मशीनवाल्याला सगळे घोरपड म्हणतात, एकदा चढला की सुटत नाही म्हणून. तो पांढराफटक पडला होता. शपथेवर सांगत होता, ताई, तुम्हीच ओरडलात, रिकामं. काकांनीही ऐकलं. शिंप्यानेही.

मी तोंड उघडलं नव्हतं.

काकांना म्हटलं, आता हाक नको, झेंडा दाखवू. ते म्हणाले, माणसं वीस वर्षं कानांच्या भरवशावर काम करतात, बाळ. घाबरलीस तू, चार दिवस घरी जाऊन ये.

सोमवार, १६ मार्च

दुसरा उतरला. आज तिथे काहीच ऐकू आलं नाही. बरं वाटलं.

संध्याकाळी काकूंच्या स्वयंपाकघरात ऐकलं. समाईक भिंतीतून. रिकामं. काकू ओट्याशी मटार सोलत होत्या. मान वर करून त्यांनी मला विचारलं, काय म्हणालीस?

मंगळवार, १७ मार्च

परवा समाईक भिंत सोडवायची, म्हणजे मशीनने तोडून वेगळी करायची. अलीकडच्या, काकूंच्या बाजूच्या खोल्या आधी मोकळ्या करून, हाक देऊन, मगच. घोरपड ती एकच हाक ऐकणार— कोणाची, ते बघणार नाही.

काकूंना म्हटलं, परवा बाहेर थांबा. त्या म्हणाल्या, गुडघे बघ माझे, मशीन आलं की सांग, उठेन. काकाही ऐकत नाहीत—

बुधवार, १८ मार्च

माझ्या खोलीत. मी खाटेवर बसलेली असताना. रिकामं— माझाच आवाज, अगदी शांत, कामातला— खोली तपासून झाल्यासारखा—

मी आहे ना इथे. काकू आहेत—

आधी मशीनची चावी काढून घेईन. मग काकूंना हाताला धरून खाली. काका काय म्हणायचं ते म्हणोत. उद्याच. गुरुवार, १९ मार्च, सकाळी, घोरपड मशीनवर चढायच्या आत मी—