तिसरा फोर्क

९ सप्टेंबर

ती. ताईस नमस्कार.

इकडे सगळं ठीक. म्हणजे लोक सायकली मोडतात आणि माझं पोट भरतं. तुझ्या भावजयीचा गुडघा कुरकुरतो, पण ती कुरकुरत नाही. ते काम तिनं माझ्यावर सोपवलंय.

तू म्हणालीस, भिंगरी हल्ली फोनवर धड बोलत नाही, मामा-भाचीचं काय शिजतंय ते लिही. शिजत काही नाही गं. तुझ्या लेकीला फोर्क पसंत पडत नाही, एवढंच. स्थळं नाकारणाऱ्या मुली पाहिल्या होत्या, फोर्क नाकारणारी ही पहिलीच.

फोर्क म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर तू जेवायचा काटा समजशील. सायकलीच्या पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारे जे दोन पाय असतात ना, तो फोर्क. आपल्या लहानपणी तो नुसता लोखंडाचा होता, खड्डा आला की दात वाजायचे. हिच्या फोर्कच्या पायांत हवा नाहीतर स्प्रिंग असते, आणि तेल. ही बाई डोंगरउतारावरच्या कड्यावरून सायकलसकट उडी मारते. खाली आली की ते पाय वीतभर आत जातात आणि बेताने बाहेर येतात. सगळी गंमत त्या बेतात आहे. झटकन बाहेर आले तर हँडल हातांना लाथ मारतं. रेंगाळले तर पुढचा दगड येईस्तोवर पाय पोटाशीच. मधला बेत शोधणं हा माझा धंदा. पदपथावर पंक्चर काढत होतो तिथून या दुकानापर्यंत आलो तो शाळेच्या नव्हे, कानाच्या जोरावर. फोर्क दाबून सोडला की आतल्या तेलाचा आवाज ऐकून सांगतो, आजारी आहे की सोंग करतोय.

तर तिचं म्हणणं, तिचा जुना हवेचा फोर्क हात झटकतो. मी खोलला, तेल बदललं, हवा कमी केली, जास्त केली. ती वर जायची, खाली यायची आणि मान हलवायची. शेवटी म्हटलं, स्प्रिंगचा घालू. वजनाला भारी, पण हातांना मऊ. बारीक खडी तर कळणारसुद्धा नाही. घातला. पहिल्या दिवशी म्हणाली झकास. तिसऱ्या दिवशी म्हणाली, हाही झटकतो.

माझ्या हाताखालून एवढी वाकडी चाकं सरळ होऊन गेली, पण भाचीपुढे मामाचं काही चालत नाही. बाकी ती मजेत आहे. दुकानाचं काउंटर सांभाळते, गिऱ्हाइकांना माझ्यापेक्षा गोड बोलते. पाण्याच्या बाटलीचं बूच हल्ली दातांनी उघडते. मी म्हटलं, दात जप, पुढे फोटोला लागतील.

काळजी करू नकोस.

तुझा धाकटा


३० सप्टेंबर

ती. ताईस नमस्कार.

पत्र मिळालं. तू फक्त एकच ओळ लिहिलीस, "पडली का?" नाही पडली. धीर द्यायला म्हणत नाही, खरंच नाही पडली. पडली असती तर सोपं होतं. खरचटलेल्यावर औषध लावता येतं.

आता तिला डबल क्राउन हवा होता. म्हणजे मोटरसायकलीसारखा, ज्याचे पाय हँडलच्या मानेच्या खालीही आवळलेले आणि वरही. मजबूत म्हणशील तर बैल. पण बैलासारखीच त्याची मान फार वळत नाही. मी वाद घातला. म्हटलं, सरळ उताराच्या शर्यतीत उतरणाऱ्यांना तो ठीक. तुमचा खेळ हवेत सायकल पिळायचा, हँडल गरागरा फिरवायचा. तुझं नाव भिंगरी पडलं ते काय उगीच? तू हे जू मानेवर कशाला घेतेस? तुझी भावजय पोळ्या लाटता लाटता म्हणाली की दोघं मिळून एका सायकलीचं लग्न मोडताय की जुळवताय ते तरी ठरवा. आम्ही हसलो. मग भिंगरी म्हणाली,

"मला हँडल फिरवायचं नाहीये, मामा. मला नुसतं धरून राहायचंय."

हे मी ऐकलं. माझ्या कानातून सहसा काही सुटत नाही, हे तुला माहीत आहे. पण ऐकलेलं प्रत्येक वाक्य लगेच उघडायचं नसतं, म्हणून बाजूला ठेवलं आणि डबल क्राउन बसवला. हा तिसरा.

बसवल्यावर आधी मी स्वतः नेला. खाणीमागच्या उताराचा खालचा तुकडा, जिथे लहान मुलं शिकतात, तिथून हा तुझा पोटसुटा भाऊ खाली आला. वाटेत एक कुत्रं मला बघून रस्ता सोडून बसलं. पण फोर्क, ताई, लोण्यासारखा. दगडावरून गेलो की फूल ठेवल्यावरून, कळलं नाही. एक खोट काढून दाखवावी म्हणून पुन्हा वर चढून गेलो. खोट सापडेना. इतका चांगला फोर्क पाहून मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

मग तिची उडी ऐकायला खाली उभा राहिलो. पूर्वी ती उतरली की एकच आवाज यायचा, भरलेली पिशवी अलगद ठेवल्यासारखा. आता दोन येतात. पहिला चाकाचा. दुसरा कशाचा ते कळेना, म्हणून पुढच्या खेपेला अगदी समोर जाऊन थांबलो. फोर्क आपलं काम चोख करतो, थांबतो. आणि तो थांबल्यावर तिची कोपरं दुमडतात आणि छाती हँडलवर आपटते.

सायकल धुताना ब्रेकचे पॅड पाहिले. पुढचे पॅड ती बिस्किटासारखे संपवायची. या खेपेला घातले तसेच्या तसे आहेत. पुढचा ब्रेक उजव्या हाताचा. ती तो दाबतच नाही.

असेल काही नवी पद्धत. हल्लीची पोरं काय काय करतात.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी दुकानातच होतो. मामा बाहेर गेलेत म्हणून सांगायला मीच भिंगरीला सांगितलं. रागावू नकोस. आवाज ओळखणारे कान आपल्या घरात दोघांना आहेत आणि त्यातले जास्त तिखट तुझे. कागदावर मी जरा शहाणा असतो.

गिऱ्हाईक आलंय, थांबतो.

तुझा धाकटा


१४ ऑक्टोबर

ताई,

आज नमस्कारसुद्धा जमत नाहीये.

गेल्या खेपेला गिऱ्हाईक आलं नव्हतं.

दाजींची कात्री आठवते? तूच कागदात गुंडाळून पाठवायचीस, धार गेलीय म्हणतात, लावून दे म्हणून. मी चाकावर धार लावून परत पाठवली की आठवडाभरात पुन्हा हजर. मग त्यांनी नवी कात्री आणली. मग हलकी आणली. मग कापडालाच नावं ठेवायला लागले की पूर्वीचा पोत राहिला नाही. एवढा कसबी शिंपी कापड बिघडलं म्हणतोय, तर आपण सगळे कापडच निरखत बसलो. हाताकडे कोण बघतो?

गेले काही आठवडे मी तेच करतोय, ताई. फक्त कात्रीच्या जागी फोर्क.

मागच्या सोमवारी दुपारी दुकान बंद ठेवलं. तिन्ही फोर्क टेबलावर मांडले आणि भिंगरीला म्हटलं, यातला एकही बिघडलेला नाही. वाटलं होतं भांडेल. ती हात मांडीखाली घेऊन बसली होती, लहानपणी मार चुकवायला बसायची तशी. म्हणाली, माहितीय. मी चिडलो. मग मला फोर्कमागून फोर्क कशाला बदलायला लावलेस?

"फोर्क बिघडलेला आहे तोवर माझा हात चांगला आहे ना, मामा."

मी उठून फडक्याने टेबल पुसलं. स्वच्छच होतं.

नंतर तिनं सगळं सांगितलं. उन्हाळ्यापासून उजव्या हाताची करंगळी ऐकत नव्हती. मग शेजारचं बोट. किल्ली कुलपात फिरत नाही म्हणून ती मागच्या दाराने यायची, आणि आम्ही समजत होतो बागेची हौस लागली. तिला नसांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. त्यांनी दंडात सुया खुपसून यंत्रावर पाहिलं. त्या यंत्राचा खरखर आवाज होतो, आणि पहिल्यांदाच मला एका यंत्राचा आवाज ऐकून काही कळू नये असं वाटलं. घरात आधी कोणाला होतं का, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, बाबांना, ते शिंपी होते. डॉक्टर मान खाली घालून लिहीत राहिले. पुढे जे बोलले ते तू दाजींच्या वेळी शब्द न् शब्द ऐकलेलं आहेस. मी पुन्हा लिहीत नाही.

घरी येताना तिनं माझ्याकडून वचन घेतलं. आईला सांगायचं नाही, निदान आत्ता नाही. म्हणाली, आईनं हे सगळं एकदा केलंय. मी हो म्हटलं. आता तो शब्द मोडतोय.

अजून एक आहे, तेही लिहून टाकतो. तिला पुढच्या रविवारी मोठ्या कड्यावरून एकदा उतरायचंय. शेवटचं, असं ती म्हणत नाही. मी नाही म्हणालो. ओरडलो, हातापाया पडलो. तुझी भावजय दोन दिवस तिच्याशी बोलली नाही, मग जवळ घेऊन रडली. कशाचा उपयोग झाला नाही. भिंगरी शांतपणे म्हणाली की एका हाताला झेपेल असं तू नाही बसवून दिलंस तर मी आहे तशीच जाईन. तशी गेली तर पुढचा ब्रेक नसल्यासारखाच.

म्हणून बसवून दिलं. दोन्ही ब्रेक डाव्या मुठीत आणले, एकाच दांडीवर. तिसऱ्या फोर्कची स्प्रिंग मऊ केली. उजव्या मुठीला पट्टा केला, हात सुटू नये म्हणून, आणि पडलीच तर ओढल्यासरशी तुटेल असा. असा पट्टा आधी केला नव्हता. तीनदा माझाच हात अडकवून ओढून पाहिला. बरोबर केलं की चूक, मला समजत नाही. तिला बळ दिलं की मरणाच्या उडीला हात लावला? इतकी वर्षं लोक मोडकं आणायचे आणि मी नीट करून द्यायचो. ही एकच अशी आली की तिच्या भोवतीचं सगळं नीट केलं आणि तिला मात्र काही करता आलं नाही.

तिला तू अडवू शकशील का, ते मला माहीत नाही. मला वाटतं नाही अडवू शकणार, आणि मी तुला त्यासाठी बोलावतही नाही. रविवारनंतर पुष्कळ दिवस आहेत. घास कसा भरवायचा की भरवल्यासारखा वाटू नये, सांडलं तर नजर कुठे न्यायची, चिडून बोलल्यावर किती वेळाने खोलीत जायचं, हे आमच्या घरात कोणाला येत नाही. तुला येतं. कशी शिकलीस ते मी पाहिलंय, म्हणून मागायला तोंड होत नाही. तरी मागतो.

ये. मला शिव्या देत ये, पण ये. तुझं अंथरूण तिच्या खोलीत घातलंय. भावजयीचा गुडघा दुखतो म्हणून तू मदतीला येत्येस, असं तिला सांगितलंय. तिनं विश्वास ठेवल्यासारखं केलं. मग विचारलं, आई किती दिवस राहणार आहे.

मी माळ्यावरून तुझ्यासाठी थंडीची रजई काढली.

तुझा धाकटा