न उडालेल्या दोन गोळ्या आणि तिसरी

ती. मामाजींस,

आदेशचा नमस्कार. तुमच्या पायावर डोकं ठेवलं आहे असं समजा. प्रत्यक्षात खाटेवर पडूनच लिहून राह्यलो, कारण उजव्या पायाचा अंगठा वांग्यासारखा सुजला आहे. मामींचे गुडघे कसे आहेत? सिरोंचाला ऊन लागायला लागलं असेल. इकडे सगळे खुशाल आहेत (मी, भैयाजींचा भोंगा आणि त्यांचे दोन बैल सोडून). मी कॉलेज सोडल्यापासून तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र गुलाब कंडक्टरच्या हातून पाठवतो आहे. शेवटपर्यंत वाचा, मधूनच फाडू नका.

तुम्हाला माहीतच आहे, मधली कितीक वर्षं बंद असलेला आपल्या गावचा शंकरपट, बैलजोड्यांची ती शर्यत, दोन वर्षांपूर्वी पुन्हा सुरू झाला. यंदा पटाच्या कमिटीचे अध्यक्ष भैयाजी, म्हणजे दिव्यानीचे वडील. (दिव्यानी कोण ते आईला विचारू नका, तिला अजून सांगायचं आहे.) मीटिंगमध्ये भैयाजी म्हणाले, जोड्या हिरव्या झेंड्यानं सोडू. दिव्यानी तिथंच चहा देत होती. तिच्या हातचा कप घेताना माझं डोकं कसं फिरलं कोण जाणे, मी उभा राहून म्हणालो, "झेंडा कायले पाह्यजे? पह्यले पट माया आजाच्या बंदुकीनं सुटे." भैयाजींनी विचारलं, "चालते का पण ते?" मी म्हणालो, "आजाची हाय. चालन नाई त काय करन?" दिव्यानीनं वर पाहिलं. तीन वर्षांत पहिल्यांदा. आता माघार कशी घेणार, तुम्हीच सांगा.

बंदूक तुमच्या वाट्याची, परवाना तुमच्या नावाचा, आणि मामी घरात ठेवू देत नाहीत म्हणून ती आमच्याकडे, हे मी विसरलो नव्हतो. पेटीचं कुलूप तुम्ही लावून गेलात, ते मी तोडलेलं नाही. (मागची फळी काढली.) गोळ्या आईच्या देवघरात होत्या, चहाच्या डब्यात, एकूण सात. तुम्ही सांगून गेला होता की बंदुकीची पूजा दर दसऱ्याला करत जा. आई बंदुकीला पेटीवरूनच हळदकुंकू लावते, पण गोळ्या लहान आहेत म्हणून त्यांना बाळकृष्णासारखी ताम्हणात घेऊन दुधानं, दह्यानं, मधानं आणि मग कोमट पाण्यानं आंघोळ घालते. असे अठरा दसरे झाले. गोळ्या इतक्या चकचकीत दिसत होत्या की मला वाटलं, कालच्याच आहेत.

पटाच्या दिवशी दहा गावची माणसं. भैयाजींचे बैल कोसा आणि बांड्या धावपट्टीच्या तोंडाशी, आणि शेजारी मी, कपाळाला टिळा लावून (मला आणि बंदुकीला, दोघांनाही). भैयाजींनी भोंग्यावरून माझं नाव घेतलं. मी नळी आभाळाकडे केली, डोळे मिटले आणि घोडा ओढला. टक. एवढंच. लोक थांबले. दुसरी गोळी घातली. टक. बैलांनीही माझ्याकडे पाहिलं. तिसरी. टक. गुराखी चैतूबुढा मागून म्हणाला, "राहू दे बापा, तोंडानंच ठो म्हण, बैलाइले काय समजते." दहा गावं हसली. मामाजी, माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. मी रागानं बंदूक उभीच्या उभी खाली आपटली, दस्ता नेमका माझ्या अंगठ्यावर, नळी वर. चैतूला उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि ती तिसरी गोळी, जिची मी आशा सोडली होती, ती उडाली.

मोहाच्या झाडावरचा भोंगा भैयाजींच्या अर्ध्या वाक्यासकट खाली आला. कोसा-बांड्या, जे दोन वर्षं शेवटून पहिले येत होते, हाकणारा बसायच्या आतच सुटले, रेघ ओलांडली, गाव ओलांडलं आणि तळ्यात जाऊन उभे राहिले. एवढ्या वेगात कोणतीच जोडी आजवर धावली नाही म्हणतात. हा विजय धरायचा की नाही यावर कमिटी अजून भांडून राह्यली.

खरा घोळ पुढे आहे. माझ्या कानात नुसता भुंगा. सगळ्यांची तोंडं हलत होती, आवाज नाही. त्यात दिव्यानी गर्दीतून थेट माझ्यासमोर आली, बापाच्या देखत, आणि काहीतरी बोलली. लहानसं वाक्य, शेवटी भुवया वर. मी मान हलवून हो म्हटलं. ती गेली. कशाला हो म्हटलं, मला माहीत नाही. काल चैतूबुढा भैयाजींचा निरोप घेऊन आला, गुरुवारी घरचं मोठं माणूस घेऊन ये. हसत म्हणाले का रागात, विचारलं, तर म्हणतो, "भैयाजी हसतेत कधी?" त्यांचं अंगण सारवलेलं दिसलं, म्हणजे सोयरिकीचं असावं. पण अंगणात पोलीस पाटील श्रीहरीभाऊंची गाडी उभी होती, म्हणजे तसं नसावं. मामाजी, मला काहीच उमजत नाही. बाबांना नेलं तर ते माझ्याच विरुद्ध बोलतील. तुम्ही या.

तुमचा,
आदेश

ता. क. श्रीहरीभाऊंनी बंदूक कोणाची विचारलं, तेव्हा खोटं कसं बोलणार, तुमचं नाव सांगितलं. तेव्हा गुरुवारी फक्त एवढं म्हणा की गोळी तुम्ही झाडली. तुम्ही मुख्याध्यापक, तुमच्यावर कोण चिडेल.

ता. क. २ उरलेल्या चार गोळ्या आईनं पुन्हा देवघरात ठेवल्या. म्हणते, एक तरी पावली.

ता. क. ३ पाकीट बंद करता करता दिव्यानीची चिठ्ठी आली. तिनं विचारलं होतं, "कॉलेज पुरं करशील का?" मी दहा गावांसमोर हो म्हटलं, म्हणून गुरुवारी बापानं बोलावलं, मोठ्या माणसासमोर पुन्हा हो म्हणायला. मगच पुढचं बोलणं. आता मी काय करू? ज्या रसायनशास्त्राच्या सरांशी भांडून निघालो, त्यांच्याच वर्गात बसावं लागणार. येताना तुमचं रसायनशास्त्राचं पुस्तक आणा. माझं मी घरी आलो त्याच दिवशी चुलीत घातलं. ते मात्र पहिल्याच काडीत पेटलं होतं.