आडवा सिग्नल

बाबा,

भाकरी टोपल्यात झाकून ठेवल्यात. टँकर आला तर घागरी दाराशीच आहेत, मला हाका मारू नका. मी प्रदर्शनाला पुढं गेले.

आपल्या लातूर स्टेशनच्या मॉडेलवर तुम्ही काल नाव चिकटवलं ते वाचलं. नव्या जिल्ह्याचं पहिलं शाळांचं प्रदर्शन, अन् नाव काकांच्या नागसेनचं? त्यानं एक रूळ तरी चिकटवला का? फलाट पावलांनी मी मोजला, काड्यापेटीच्या काड्यांचे रुळांखालचे स्लीपर मी रंगवले. तुम्ही स्टेशनातल्या ड्यूटीवरून येऊन म्हणायचात, "पंचशीला, लई झकास." अन् परवा आत्याला म्हणालात, "पोरीला तपासणीच्या साहेबांपुढं कुठं उभी करायची?" मी चुलीपाशीच होते.

मॉडेलच्या डबीत गोटी टाकली की दोरा ताणला जातो, सिग्नलचा हात खाली येतो अन् गाडीला वाट मिळते. ती गोटी मी सोबत नेलीय. खऱ्या सिग्नलची तार तुटली तरी हात आडवाच राहिला पाहिजे, म्हणजे गाडी थांबते, हे तुम्हीच शिकवलंत. नागसेनला हे ठाऊक न्हाई, त्याला विचारून बघा.

मॉडेल घेऊन या, पण नाव बदलून. गोटी मीच टाकीन, साहेबांपुढं उभी राहून.

पंचशीला