येतो मग

रविवार, १ फेब्रुवारी

आज सतरंज्या कमी पडल्या! आमच्या दर महिन्याच्या स्क्रोलकट्ट्याला एवढी गर्दी कधीच झाली नव्हती. ऊनही छान होतं — याच उन्हासाठी आम्ही जानेवारीभर चंदीगडचं धुकं सोसतो. लेझर व्हॅली बागेच्या हिरवळीवर सगळे फोन काढून बसले. आमचा नियम सोपा: प्रत्येकाने महिन्यातली आपली एक पोस्ट दाखवायची, बाकीच्यांनी ती कशी वाटली ते खरं सांगायचं, मग चहा-समोसे.

आयटी पार्कमधल्या यतीनने सुखना तलावावरच्या बदकांचं रील दाखवलं. अपूर्वा इथे युनिव्हर्सिटीत पीएच.डी. करते आणि हॉस्टेलच्या मेसवर रील्स करते. तिने हसवून हसवून पोट दुखवलं. रामचंद्रकाकांनी नेहमीप्रमाणे एक झाड दाखवलं. फोटोच्या कोपऱ्यात नेहमीप्रमाणे त्यांचं बोट. खाली एकच ओळ — 'सेक्टर दहाचा कांचन फुलला.'

यतीन म्हणाला, "काका, हॅशटॅग तरी टाकत जा."

"मी काही लाईक मागाले येत नाही इथं," काका म्हणाले. "मराठी बोलाले भेटते, म्हणून येतो."

मूळचे अमरावतीचे. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात जन्म गेला, पण मराठी माणूस दिसला की वऱ्हाडी सुरू. काकू गेल्यापासून मुल्लानपूरला मुलाकडे राहतात. नातू मराठी समजतो, उत्तर हिंदीत देतो.

चहाच्या वेळी हरलीनने मला बाजूला ओढलं. ती माझी शेजारीण, आणि कट्ट्याचा अर्धा भार तिच्यावर. एअरोसिटीत नवं कॅफे उघडतंय, उद्घाटनाला त्यांना आमचा ग्रुप हवाय. "पूरा कॅफे हमारा, यार. सोच!"

सोचतेच आहे.

बुधवार, ११ फेब्रुवारी

कॅफेच्या बाईंशी बोलले. फार गोड बोलतात. कार्यक्रम १ मार्चला. आम्ही रील्स करायची, त्यांनी खाऊ घालायचं, आणि जमलं तर यापुढे दर महिन्याला जागा त्यांची. पावसात छत्र्या नकोत, धुक्यात हुडहुडी नको. अट एकच — "मॅम, फ्रेम में यंग क्राउड दिखना चाहिए. बुज़ुर्ग लोग प्लीज़ नहीं."

मी चव्वेचाळिशीची बाई 'बिलकुल जी' म्हणून मोकळी झाले. फोन ठेवल्यावर आरशात पाहिलं. केस रंगवायला झालेत.

आमच्यात बुजुर्ग म्हणावं असं एकच माणूस आहे.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

कट्ट्यावर येणाऱ्या जयंतला सांगितलं. म्हणाला, "काका नकोत तर तुझा कट्टा कसला? सरळ नाही म्हण त्यांना." याला काय! महिन्यातून एकदा हॉस्पिटलमधून यायचं, समोसे खायचे, जायचं. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं.

काकांमुळेच कट्टा सुरू झाला, हे मला कुणी सांगायला नको. इथे नवी आले तेव्हा ओळखीचं कुत्रं नव्हतं. फेसबुकवर शहराच्या एका पानावर मी विचारलं होतं, इथे दुधी भोपळा मिळतच नाही का? खाली काकांचं मराठीत उत्तर आलं, 'मिळतो. घिया म्हणून माग.' मग एका बाकावर काका, काकू आणि मी भेटलो. काकूंनी डब्यात पातोड्या आणल्या होत्या. तोच पहिला मीटअप. पुढचा अख्खा महिना मी त्या बाकाच्या जिवावर काढला.

पण एक रविवार! एक रविवार काका आले नाहीत तर काय बिघडणार आहे?

बुधवार, २५ फेब्रुवारी

लिहिलं एकदाचं. तीनदा खोडलं. शेवटी पाठवलं ते असं — 'काका, या रविवारचा कार्यक्रम एअरोसिटीला आहे, तुम्हाला फार लांब पडेल. शिवाय सगळी तरुण मंडळी, गाणी-बिणी, गोंधळ. तुम्ही या वेळी दगदग करू नका.'

काय चुकलं यात? काही नाही. उलट काळजीच दिसते.

पाच मिनिटांत उत्तर — 'बरं. येतो मग.'

म्हणजे येणारच! इतकं स्वच्छ मराठीत सांगून कळत नसेल तर माणसाने करायचं काय? मला इतका राग आला की उत्तरच दिलं नाही. हरलीनला सांगितलं — मना केलं, तरी लिहितात 'आता हूँ'. ती म्हणाली, "आने दे ना. कोने में बिठा देंगे, कॉफी पिला देंगे."

हिला काय, बाईंना तोंड मला द्यायचंय. म्हातारपणी हट्ट वाढतो म्हणतात ते खोटं नाही.

शनिवार, २८ फेब्रुवारी

उद्या ग्रुपवर लोकेशन टाकायचं आहे. काकांना ते दिसलं की मुलाला गाडी काढायला लावतील.

काढलं त्यांना ग्रुपमधून. सोमवारी परत घेईन. एवढ्यात त्यांना कळणारही नाही.

रविवार, १ मार्च

कार्यक्रम झाला. कॅफे देखणं आहे, भिंतीवर निऑनची अक्षरं, कॉफीच्या फेसावर आमच्या कट्ट्याचं नाव. बाई खूश. रील्स चांगली झाली. सगळे म्हणतात, क्षितिजा, कमाल केलीस.

माझं मात्र लक्ष दाराकडे. काच ढकलून कुणी आत आलं की मी खुर्चीतून अर्धी उठायचे. चोराच्या मनात चांदणं. काका आले तर कुठल्या टेबलावर बसवायचं, बाईंना काय सांगायचं — 'माझे वडील' म्हणायचं असंही ठरवून ठेवलं होतं. दोनदा पार्किंगपर्यंत जाऊन आले. वाटलं, बिचारे बाहेर उभे असायचे.

आले नाहीत. सुटले! असं वाटायला हवं होतं. कॉफी मात्र तशीच टेबलावर सोडून आले. आणि आपला एकमेकांच्या पोस्टवर खरं बोलायचा भाग आज कुणी केलाच नाही, हे घरी येताना लक्षात आलं.

सोमवार, २ मार्च

काकांना परत घेतलं नाही. घेतलं तर ग्रुपवर सगळ्यांना दिसेल. विचारतील, काढलं कधी होतं? उद्या बघू.

रविवार, ८ मार्च

उद्या-उद्या करत आठवडा गेला. होळी होऊन गेली. दर होळीला काका पळस फुलल्याचा फोटो पाठवतात. या वेळी आला नाही. मीही विचारलं नाही.

रुसले असतील तर रुसू देत, असं मनाला सांगते. मी नको म्हटलं असताना त्यांनीच येतो म्हणून हट्ट धरला, आणि आले तर नाहीतच! मग माझा एवढा जीव टांगणीला कशाला लावला?

गुरुवार, १९ मार्च

आज पाडवा. कशी लिहू?

खालच्या मजल्यावर विश्वास आणि कश्मिरा हे नवं जोडपं आलंय, हवाई दलातलं, पुण्याहून बदली. त्यांना जेवायला बोलावलं होतं. हरलीनही होती, तिला श्रीखंड आवडतं. गप्पा छान झाल्या. कश्मिराला इथे अजून कुणी ओळखत नाही, डोळ्यांत तेच हरवलेपण. मी तिला म्हटलं, आमच्या कट्ट्यावर ये.

निघताना चपला घालता घालता ती म्हणाली, "बरं, येतो आम्ही."

मी म्हटलं, "या."

दार लावलं. हरलीन वाटी हातात घेऊन विचारते, "अभी तो खाके गए हैं. फिर कब आ रहे हैं?"

मला हसू फुटलं. मोठ्या तोऱ्यात तिला समजावलं — आमच्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत, बरं दिसत नाही. निघणारा 'येतो' म्हणतो. घरच्याने 'या' म्हणायचं. निरोप असतो तो.

हरलीन चाटता चाटता थांबली. "अच्छा," म्हणाली. "तो उस दिन अंकल जी ने...?"

मी फोनमध्ये तो मेसेज काढला.

बरं. येतो मग.

काकांनी हट्ट धरलाच नव्हता. मी नको म्हटलं, त्यांनी एका ओळीत निरोप घेतला. कुरकुर नाही, प्रश्न नाही. आयुष्यभर ज्या शब्दावर आईने, मावशीने, सगळ्या गावाने उंबरा ओलांडला, तो शब्द मला वाचता आला नाही! 'कोण कोण येतंय', 'मी येतो', 'पक्का येतो' — दर महिन्याला ग्रुपवर माणसं मोजून मोजून माझे डोळे तसलेच झाले. आणि वर मी म्हणत होते की मराठीत सांगून त्यांना कळत नाही.

मी 'या' सुद्धा म्हटलं नाही. निरोप घेऊन उठलेल्या माणसाला मागून ढकलून दार लावलं. फार वाईट वागले मी.

शनिवार, २१ मार्च

मुल्लानपूरला जाऊन आले. अजून एका बाजूला गहू उभा आहे, दुसऱ्या बाजूला क्रेन. त्यांच्या सोसायटीचं गेट शोधताना दोनदा चुकले. बरोबर श्रीखंडाचा डबा. रस्ताभर वाक्य घोकत होते — काका, मी तुमचं लिहिलेलं चुकीचं वाचलं आणि तुम्हाला काढून टाकलं, मला माफ करा. एवढंच. त्यात अवघड काय आहे?

काका एकटेच होते. मुलगा-सून बाजारात गेली होती. "अवो, क्षितिजा! ये ये. काय अशी वाळून राहिली तू?" त्यांनीच चहा टाकला. वेलची सापडेना म्हणून डबे उघडत बसले. काकूंच्या हातचे डबे, अजून चिठ्ठ्या चिकटवलेले. मी वाक्य जुळवत उभी. तोंड उघडणार एवढ्यात तेच पाठमोरे म्हणाले, "कट्टा बंद केला का तू? माझ्या फोनवर काही येऊन नाही राहिलं आता."

मी म्हटलं, "हो."

कसं आलं ते तोंडात, देव जाणे. घोकलेलं वाक्य तसंच राहिलं आणि 'हो' बाहेर पडलं. त्यांनी एवढं सोपं करून ठेवलं होतं, की नुसती मान हलवली तरी भागलं असतं.

"बरं केलं," ते म्हणाले. "किती धावपळ होऊन राहिली होती तुझी." मग चहा. चहाबरोबर झाडांचे फोटो, प्रत्येक कोपऱ्यात बोट. एक सावर दाखवली, लालभडक, बांधकामाच्या पत्र्याआडून वर आलेली. "ही काही टिकत नाही," म्हणाले, "रस्ता रुंद होऊन राहिला." मी छान छान म्हणत राहिले.

उठताना 'येते' सुद्धा म्हटलं नाही. वाकून नमस्कार केला आणि लिफ्ट गाठली. गाडीत बसून खूप रडले.

सोमवार, २३ मार्च

गरज सरो आणि वैद्य मरो — ही म्हण मी शाळेत लिहून काढली होती. अर्थ आता कळतोय.

जयंत म्हणतो, फोन कर आणि खरं सांग. माझी छाती होत नाही. पण एक केलं. कॅफेच्या बाईंना नाही म्हणून कळवलं. हरलीनच्या चेहऱ्यावरून ती याचीच वाट बघत होती असं वाटलं. ५ एप्रिलला पुन्हा लेझर व्हॅली, पुन्हा सतरंज्या.

काकांना सांगेन, तुमच्याशिवाय करमेना, कट्टा परत सुरू केलाय. खोट्याला खोट्याचं ठिगळ, कळतंय मला. पण त्यांना त्रास तरी होणार नाही. कट्टा बंद होता असंच त्यांना वाटतंय, तसंच वाटू दे. हार आणू, काकांचे फोटो मोठे छापून आणू. अपूर्वाला तयारीला घेते, तिचा त्यांच्यावर जीव आहे.

मंगळवार, २४ मार्च

अपूर्वाला फोन केला. म्हटलं, काकांसमोर १ मार्चचं नाव काढू नकोस, कट्टा बंद होता असं त्यांना वाटतंय. ती म्हणाली, "ताई, काकांना दर वेळचे फोटो मीच पाठवते. ते मागून घेतात. कॅफेचे त्याच संध्याकाळी पाठवले होते."

मी विचारलं, काही म्हणाले का?

"हो. म्हणाले, क्षितिजा दमलेली दिसते, तिला जरा मदत करत जा."